कॅप्टन बदली आणि बाई

आमच्या बाईंनी एकदा सेक्टर सतराच्या भर चौकात, शंभरेक माणसांसमोर, एका परदेशी उडत्या वीराला वऱ्हाडी बोलायला लावलं होतं. मी शेजारी उभी होते. आधी वाटलं, पळून जावं. दोन मिनिटांत हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. चंदीगडमध्ये फार थोड्या घरांत टीव्ही होता. सतरा सेक्टरातल्या एका मोठ्या दुकानदारानं काचेच्या खिडकीत एक संच चालू ठेवलेला असे आणि बाहेर ही गर्दी! चित्र दिसायचं, आवाज मात्र काचेच्या आत. त्या दिवशी एक परदेशी कार्टून लागलं होतं. घट्ट कपडे घातलेला कुणी वीर इमारतींवरून उडत होता आणि गच्चीवर अडकलेली एक बाई हात हलवत होती. लोक नुसते बघत होते. तेवढ्यात आमच्या बाई मोठ्यानं, जाड पुरुषी आवाजात म्हणाल्या, "थांबा बाप्पा थांबा! मी आलो! पण आधी सांगा, तुमच्या अर्जावर सही कोनाची हाय?"

पुढचे दोघं मागे वळले. बाईंनी लगेच त्या गच्चीवरच्या बाईचा बारीक आवाज काढला, तोही हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून. "भैया, पहले नीचे तो उतारो, फिर फॉर्म भरेंगे!" वीर बोलणार वऱ्हाडी, गच्चीवरची ती बोलणार हिंदी, आणि मधेच एक पोलीस आला तो ठेठ पंजाबी! ओठांची हालचाल आणि शब्द असे काही जुळत होते की लोक टाळ्या पिटायला लागले. दुकानाचा मालक बाहेर आला. मला वाटलं, आता हाकलणार. तो हात जोडून म्हणाला, "बहनजी, कल भी आ जाना. आज तक इतनी भीड़ नहीं हुई!"

बाईंनी पदर सारखा केला, सायकल काढली आणि मला म्हणाल्या, "चाल कऱ्हाड. आपन आपलाच वीर काढू."

मी कऱ्हाडची, म्हणून माझं नाव कऱ्हाड. बाई कुणालाच नावानं हाक मारत नसत. ऑफिसात आमच्याशेजारी बसणारा रोपड, प्लॅन छापणारा अंबाला, मोठे साहेब पटियाला. एकदा मी विचारलं, असं का? तर म्हणाल्या, "बदलीच्या नोकरीत माणसाचं काय टिकून राहते सांग? घर टिकत नाही, शेजार टिकत नाही. गाव तेवढं टिकते." त्या स्वतः अमरावतीच्या.

सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेच्या ड्रॉइंग विभागात मी ट्रेसर म्हणून लागले, तेव्हा बाई तिथल्या मुख्य ट्रेसर होत्या. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेलं यंत्राचं चित्र पारदर्शक कागदावर काळ्या शाईनं गिरवायचं. दिवसभर दुसऱ्याच्या रेघांवरून आपली रेघ न्यायची. मला वाटलं होतं, हे किती कंटाळवाणं काम! बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर एका स्क्रूचं चित्र गिरवलं, आणि गिरवताना तोंडानं आवाज काढले. आटे फिरले की कुर्रर्र. टोक आलं की टिक. संपलं की धप्प. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची बाई, अंबाड्यात खोचलेलं पेन, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि तोंडानं धडाम-फटाक चाललेलं. त्यांची फाईल पडली तरी खाली पोचायच्या आत "भडाक!" ऐकू यायचं.

डबा मात्र अजब असे. मक्याची रोटी आणि झुणका. सरसोंच्या भाजीवर वऱ्हाडी ठेचा. "दोघं एकमेकांले वळखत नाहीत म्हनून भांडत नाहीत," म्हणायच्या.

आणि कॉमिक्स! रद्दीच्या दुकानातून फाटक्या कव्हरांची परदेशी कॉमिक्स आणून जेवणाच्या सुट्टीत वाचायच्या, आणि वाचता वाचता त्या वीरांशी भांडायच्या. "पाह्य, पाह्य कऱ्हाड, हा निंगाला जग वाचवाले. घरी पाव कोन आनून राहिलं? याचं रेशनकार्ड कोनत्या दुकानाचं?" मी हसायचे. त्या हसत नसत. खरोखर चिडलेल्या असत.

त्या का चिडत, ते मला फार उशिरा कळलं.

बाईंचे यजमान टेलिफोन खात्यात मोठे इंजिनिअर होते. लग्नानंतर बाईंनी त्यांच्यामागोमाग आठ गावं पाहिली. आठवं चंदीगड. इथं त्यांना ही नोकरी मिळाली, आणि वर्षभरात यजमानांच्या बदलीचा कागद आला. बाई म्हणाल्या, मी इथंच राहते. त्या काळात हे चंदीगडच्या मराठी मंडळात केवढं गाजलं असेल, कल्पना करा! हळदीकुंकवाला बायका कुजबुजत. बाई सगळ्यांना एकच सांगत, "त्यायची बदली झाली, माही नाही झाली." यजमान वर्षातून एकदा, कधी दोनदा येत. पत्रं यायची, नियमित, सुबक अक्षरात.

तर आपला वीर काढायचं ठरलं. नाव बाईंनी सायकलवरच ठरवून टाकलं होतं: कॅप्टन बदली!

कॅप्टन बदलीचा झगा म्हणजे सरकारी घोंगडी, गळ्याशी लाल फितीनं बांधलेली. गुप्त गुहा म्हणजे जुन्या फायलींची खोली. त्याचा सोबती एक शिपाई, जो कधीच घाईत नसतो. कॅप्टन संकटात सापडलेल्या माणसाजवळ उडत पोचतो, छाती फुगवतो, हात पुढे करतो, आणि नेमक्या त्याच क्षणी शिपाई पाकीट घेऊन येतो. बदलीचा हुकूम! कॅप्टन सॅल्यूट मारतो आणि दुसऱ्या गावाला उडून जातो. बुडणारा बुडतच राहतो. सिनेमातल्या खलनायकासारखा दाढी कुरवाळणारा एक दुष्ट माणूसही होता. कॅप्टन वेळेवर न आल्यानं तोच कंटाळून घरी जातो! मधेच केसांच्या तेलाची जाहिरात, मधेच गंभीर चेहऱ्याची बातम्या देणारी बाई. त्या काळी पडद्यावर आणि रेडिओवर जे जे चालत होतं, त्या सगळ्याची बाईंनी टोपी उडवली.

बावीस सेक्टरात एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या सरदारजी मालकाकडे एकदा बटण दाबलं की एकच चित्र घेणारा छोटा सिनेकॅमेरा होता. बाई त्याला लुधियाना म्हणत. आम्ही भीत भीत विचारायला गेलो. त्यानं कॅप्टन बदलीची गोष्ट ऐकली, पगडी सावरली, आणि टेबलावर हात आपटला. "बाईजी, मेरे साले दी पंज वारी बदली होई ए! कैमरा लै जाओ. मैं वी आवांगा!" मेव्हण्याच्या पाच बदल्या पाहिलेला माणूस तो! आणि खरंच, दर रविवारी लस्सीची बरणी घेऊन हजर.

काय ते रविवार! बाईंच्या घरी टेबलावर काच, काचेखाली ट्यूबलाइट. कागदाला दोन भोकं, टेबलाला दोन खिळे, म्हणजे प्रत्येक कागद त्याच जागी बसायचा. एक चित्र काढायचं, त्यावर कोरा कागद ठेवायचा, हात केसभर पुढे सरकलेलं दुसरं चित्र काढायचं. एक सेकंद हलायला आठ चित्रं. उलट्या टांगलेल्या स्टुलाला कॅमेरा बांधलेला. मी कागद ठेवायचे, लुधियाना बटण दाबायचे, टक. पुन्हा कागद, पुन्हा टक. दीड हजारांच्या वर चित्रं! दिवसभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवणारे आमचे हात आता स्वतःच्या रेघा काढत होते. पहिल्यांदा मी कॅप्टनला चालवलं, आणि कागद भराभर उलटून पाहिले तर तो खरंच चालला! मी ओरडले. "चालला! बाई, चालला!" मी इतक्या मोठ्यानं आयुष्यात ओरडले नव्हते. कऱ्हाडला घरी वडिलांसमोर माझा आवाज फुटत नसे.

शेवटचा प्रसंग गच्चीवरच्या बाईचा होता. कॅप्टन तिला सोडवायला येतो. हात पुढे करतो. पाकीट येतं. "थांबा, मी अर्ज करून येतो," म्हणून तो उडून जातो. ती थांबते. चहा करते. कपडे वाळत घालते. कॅलेंडरची पानं गळतात. इथपर्यंत चित्रं झाली, आणि बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"पुढं काय?" मी विचारलं.

त्यांनी टपालातून आलेलं पाकीट दाखवलं. यजमानांचं पत्र होतं. यंदा गणपतीला येतो आहे, तुमच्या मंडळाचा कार्यक्रमही बघेन. आमचा सिनेमा त्याच कार्यक्रमात दाखवायचा ठरला होता.

आणि मग, आजवर जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते बाईंनी मला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी यजमानांना चंदीगडची जागा देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली. तिकडे दूर आसामात वरचं पद होतं, ते घेतलं. बाईंना ते त्यांच्याकडून नाही, त्यांच्या खात्यातल्या एका माणसाच्या बायकोकडून भाजीच्या दुकानात कळलं.

"त्यांना विचारलं नाहीत?"

"काय विचारू? पत्रात लिहीत होते, प्रकृतीची काळजी घे." बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. "मी घेतली."

मी घाबरून म्हणाले, "मग बाई, शेवट बदलू या. ते समोर बसलेले असतील. सगळं मंडळ असेल."

बाईंनी काचेखालच्या उजेडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दीड हजार चित्रं खरी काढली अन् शेवटची शंभर खोटी काढू? कागद दे इकडे." त्यांनी शेवट काढला. बाईंची रेघ कधी हलत नसे. त्या दिवशी दोनदा हलली. त्यांनी ती पुसली नाही.

फिल्म धुवायला मुंबईला गेली आणि गणपतीच्या आठ दिवस आधी परत आली. प्रत एकच.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी शाळेचा हॉल खचाखच भरला होता. मेडिकल इन्स्टिट्यूटमधले डॉक्टर, विद्यापीठातले प्राध्यापक, बँकेतले, ऑफिसातले, आणि मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारी त्यांची पोरं. रोपड आणि अंबालाही आले होते. फिल्म मुकी होती, म्हणून पडद्याच्या बाजूला कनातीमागं बाई, मी आणि एक मायक्रोफोन. बाईंसमोर ताटं, वाट्या, एक पत्रा, पाण्याची बादली. मी फटीतून पाहिलं. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यातले, करडे केस नीट विंचरलेले एक गृहस्थ मांडीवर हात ठेवून बसले होते.

"ते आलेत," मी कुजबुजले.

"पाह्यलं," बाई म्हणाल्या आणि पत्रा उचलला.

लुधियानांनी प्रोजेक्टर लावला. पडद्यावर घोंगडीवाला कॅप्टन बदली छाती काढून उभा राहिला, बाईंनी पत्रा हलवून गडगडाट केला, आणि हॉल जो हसायला लागला तो थांबेचना! पहिलं पाकीट आलं तेव्हा लोक नुसते हसले. दुसऱ्या पाकिटाला पोरं आधीच ओरडली, "आ गया लिफ़ाफ़ा!" तिसऱ्याला सगळा हॉल एका आवाजात! बदल्यांनी पिचलेली माणसं ती. कुणी मांडीवर थापा मारत होतं, कुणी बायकोला कोपरानं ढोसत होतं. मी शिपाई झाले, बातम्या देणारी झाले, केसांचं तेल विकलं. माझा आवाज असा मोकळा सुटला होता की माझा मलाच ओळखू येईना.

गच्चीवरची बाई आली. हसणं थोडं कमी झालं. कॅलेंडरची पानं गळायला लागली. एक, दोन, तीन. हळूहळू हॉलमध्ये काही माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. बाई इथं एकट्या राहतात, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तेवढ्यात प्रोजेक्टर अडकला. पडद्यावर ती बाई एकटी गच्चीवर उभी, स्थिर, आणि तिच्या पदराशी एक तपकिरी डाग पडला, पसरला, उकळला. फिल्म जळत होती!

"बत्ती जलाओ! बत्ती!" लुधियाना ओरडले. दिवे लागले. पडदा पांढरा. पोरंसुद्धा गप्प.

तेव्हा तिसऱ्या रांगेतले गृहस्थ उभे राहिले. इतक्या गावांचं पाणी प्यायल्यावर त्यांच्या बोलण्यातला वऱ्हाड पुसून गेला होता. पडद्याकडे बघत, अगदी सरळ आवाजात त्यांनी विचारलं, "मग ती बाई खाली कशी आली?"

कनातीमागून बाई बाहेर गेल्या. हातात अजून पत्रा होता.

"जिना बांधला तिनं," बाई म्हणाल्या. "एकेक पायरी. सात वर्षं लागली."

"आणि तो?"

"तो अजून वरतीच हाय. उतराची जागा शोधून राहिला."

यजमान खाली बघत उभे होते. मग म्हणाले, "त्याला एकदा जागा मिळाली होती. त्यानं घेतली नाही. हे चित्रात आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते चारचौघांत दाखवाचं नव्हतं."

"दाखवायला हवं होतं," ते म्हणाले, आणि बसले.

लुधियानांनी तोवर जळलेला तुकडा कापून फिल्म जोडली होती. दिवे गेले. पडद्यावर गच्चीवरच्या बाईनं पदर खोचला आणि पहिली पायरी ठेवली. बाई आत येऊन उभ्या राहिल्या, पण आवाज काढायचे विसरल्या. मी वाटी उचलली आणि प्रत्येक पायरीला टण्‌ वाजवत गेले. आठव्या पायरीला हॉलमधून टाळी सुरू झाली, पायरीगणिक एक. ती जमिनीवर उतरली तेव्हा लोक उठून उभे होते! रोपड शिट्या मारत होता. अंबाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं तर म्हणाला, प्रोजेक्टरचा धूर गेला.

रात्री घरी काय झालं असेल या काळजीनं दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात लवकर गेले. बाई नेहमीसारख्या आल्या, डबा ठेवला, पेन अंबाड्यातून काढलं. मी विचारायचं धाडस केलं. म्हणाल्या, "भांडलो. लय भांडलो. सात वर्षांचं एकदम. शेजारीन दोनदा साखर मागाले आली." आणि असं प्रसन्न हसल्या की मीही हसले.

यजमान रजा संपवून परत गेले. चमत्कार झाला नाही. पण पुढच्या पत्रांत प्रकृतीच्या काळजीखेरीज इतर मजकूर यायला लागला, इतका की दोन तिकिटं लावावी लागत. आणि सात-आठ महिन्यांनी ते स्वतः आले, दोन ट्रंका घेऊन. वरचं पद सोडून त्यांनी चंदीगडची खालची जागा मागून घेतली होती. बाईंनी दार उघडलं तेव्हा मी घरात होते. बाई म्हणाल्या, "ट्रंका व्हरांड्यात ठेवा. आत जागा करावी लागेल." जागा करायला त्यांना पंधरा दिवस लागले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पंधरा दिवस ते गृहस्थ रोज व्हरांड्यातल्या ट्रंकेतून सदरा काढून आणत.

मीही त्याच वर्षी वडिलांना लिहिलं की, स्थळ पाहू नका, मला विभागाची परीक्षा द्यायची आहे.

दुसऱ्या वर्षी नवा सिनेमा सुरू झाला. यात कॅप्टन नव्हता. एक शेजारीण होती, जिला पापड वाळवता वाळवता भविष्य दिसतं, पण तिचं कुणी ऐकत नाही. आम्ही रविवारी जमलो. यजमान लुधियानांशेजारी बसून कागद क्रमानं लावून देत होते. त्या कामात त्यांची एकही चूक होत नसे. मध्यान्हीच्या सुमाराला त्यांनी हळूच विचारलं, "यात मी कोण आहे?"

"यात तुम्ही नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मुळीच नाही?"

"मुळीच नाही. शेजारनीची गोष्ट हाय ना ही."

त्यांचा चेहरा इतका उतरला की लुधियानांनी त्यांना दुसरा पेला लस्सी दिली. पुढच्या रविवारी आम्ही आलो तर टेबलावर एक कागद होता. कोपऱ्यात पेन्सिलीनं एक माणूस काढलेला. हात एक लांब, एक आखूड, डोकं भोपळ्यासारखं. ज्यानं काढला त्यानं आयुष्यात कधी चित्र काढलं नव्हतं, हे उघड दिसत होतं.

बाईंनी तो कागद उचलून उजेडावर धरला. मी वाट बघत होते, आता त्या भडकणार. त्यांनी पेन घेतलं आणि त्या वाकड्या माणसावरून, एकही रेघ न सुधारता, शाई फिरवली. मग दुसरा कागद. मग तिसरा. पुढचे चार महिने प्रत्येक चित्रात आम्ही तो माणूस गिरवला.

सिनेमा पाहणाऱ्या कुणालाच तो कोण ते कळलं नाही. पोरांनी विचारलं, "वो पीछे कौन खड़ा है?" शेजारीण पापड वाळवते, वादळ येतं, घरं उडतात, सगळे धावतात. आणि तो, मागच्या भिंतीपाशी, एका लांब आणि एका आखूड हातानं पापडांचं ताट धरून उभा आहे. काही बोलत नाही, काही वाचवत नाही. पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत तो कुठंही जात नाही.